पंधराव्या आठवड्याची रेघ

बाळ १४ आठवडे आणि ६ दिवसांचे असेल तर त्याला रोटाव्हायरसच्या लसीचा पहिला डोस देता येतो. दुसऱ्या दिवशी, १५ आठवडे पुरे झाले की, देता येत नाही. अमेरिकेचा नियम असा आहे, ब्रिटनचाही असाच आहे, आणि आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीच मर्यादा सांगते. मात्र याच देशातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा-सात महिन्यांच्या बाळालाही नर्सबाई पहिला डोस देऊ शकतात, कारण सरकारी लसीकरणात पहिल्या डोससाठी एक वर्षापर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची तर दोन वर्षांपर्यंत हरकत नसते.

विषाणू तोच आणि लसीही एकाच जातकुळीच्या, मग मर्यादा तीन कशा? एका दवाखान्यात ‘आता उशीर झाला’ असे ऐकून आलेल्या आईवडिलांना दुसरीकडे तीच लस मिळाली, की त्यांना वाटते, दोघांपैकी एक डॉक्टर नक्की चुकतो आहे. प्रत्यक्षात दोघांचेही बरोबर असते. लस केव्हा द्यायची, हे एका बाजूला जुलाबाने दगावणारी मुले आणि दुसऱ्या बाजूला लसीचा एक अतिदुर्मीळ दुष्परिणाम यांचा हिशेब मांडून ठरते. देश बदलला की या हिशेबातले आकडे बदलतात आणि त्याबरोबर मर्यादाही सरकते.

घाई कशाची?

१९७३ मध्ये मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना चाकासारखे गोल विषाणू दिसले. तोपर्यंत लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांचे कारण सापडतच नसे. पुढे लक्षात आले की पाच वर्षांचे होईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू गाठतो, मग ते मूल स्टॉकहोमचे असो की सोलापूरचे. स्वच्छ पाणी आणि संडास यांनी कॉलरा आटोक्यात आला, पण रोटाव्हायरसला त्यांचा तितका धाक नाही. फार थोडे विषाणू पोटात गेले तरी आजार होतो आणि आजारी बाळाच्या शौचातून ते प्रचंड संख्येने बाहेर पडतात.

संसर्ग सगळ्यांना सारखाच होत असला, तरी मरण सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. अमेरिकेत लस येण्यापूर्वी रोटाव्हायरसने वर्षाला २० ते ६० मुले दगावत. भारतात २०१३ या एका वर्षातला अंदाज सुमारे ४७,००० मृत्यूंचा होता आणि त्या वर्षी जगभरात झालेल्या अशा मृत्यूंपैकी ते साधारण २२ टक्के होते. मुलाचा जीव घेतो तो शोष. उलट्यांमुळे तोंडाने काही टिकत नाही, जुलाबांतून पाणी जात राहते, टाळू खोल जाते, लघवी थांबते, आणि सलाइन लावण्याची सोय जवळ नसेल तर काही तासांत बाळ हातचे जाते.

लसीच्या वेळापत्रकाची एक बाजू इथे ठरते. आजाराने गाठण्याच्या आधी लस पोचली पाहिजे. वेल्लोरच्या वस्त्यांमध्ये गगनदीप कांग आणि सहकाऱ्यांनी ३७३ बाळांचा जन्मापासून तीन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, बाळांना सहा महिन्यांच्या आतच पहिला संसर्ग झालेला आढळला. त्याआधी मेक्सिकोत झालेल्या अशाच अभ्यासात दोन संसर्गांनंतर मुले मध्यम आणि तीव्र आजारापासून पूर्ण सुरक्षित झालेली दिसली होती. वेल्लोरच्या मुलांना तीन संसर्गांनंतरही ७९ टक्केच संरक्षण मिळाले. विषाणू लवकर गाठतो आणि एकदा होऊन गेला तरी निर्धास्त होता येत नाही, अशी ही परिस्थिती. तिच्यात लस सहाव्या महिन्यापर्यंत लांबवणे म्हणजे अर्ध्या मुलांच्या बाबतीत उशिरा पोचणे.

मग जन्मतःच का देऊ नये? लस तोंडावाटे देतात, आणि तिच्यातला जिवंत पण दुबळा विषाणू बाळाच्या आतड्यात वाढला तरच शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते. गर्भात असताना आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये जन्मानंतरच्या आठवड्यांत भरपूर असतात आणि ती या विषाणूलाही आवर घालतात. दीड महिन्यापर्यंत त्यांचा जोर ओसरू लागतो. शिवाय त्याच दिवशी पोलिओचे थेंब आणि पेंटाची सुई ठरलेली असल्यामुळे वेगळी खेप पडत नाही. म्हणून बहुतेक गरीब देशांत सहा, दहा आणि चौदा आठवडे हेच टप्पे धरले गेले. आपल्याकडच्या घरगुती बोलीत दीड, अडीच आणि साडेतीन महिने.

जन्मतः लस देण्याची कल्पना मात्र बाद झालेली नाही. इंडोनेशियात आरव्ही३-बीबी या लसीचा पहिला डोस जन्मानंतर पाच दिवसांच्या आत देऊन पाहिला आणि १८ महिन्यांपर्यंत तीव्र आजारापासून ७५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीच लस आठव्या आठवड्यापासून सुरू केली, तेव्हा हा आकडा ५१ टक्के होता. सहा आठवड्यांची खालची मर्यादा आजच्या लसींना लागू आहे, उद्याच्या लसींना ती असेलच असे नाही.

१९९९ चा धडा

वरच्या मर्यादेमागे एक अपघात आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची पहिली रोटाव्हायरस लस बाजारात आली. दोन, चार आणि सहा महिन्यांना द्यायची, असे ठरले. वर्ष पुरे व्हायच्या आत, लसीनंतर इंटससेप्शन झालेल्या १५ बाळांची नोंद सरकारी यंत्रणेकडे जमली. जुलै १९९९ मध्ये लसीकरण थांबवले गेले आणि ऑक्टोबरमध्ये लस मागे घेतली गेली.

इंटससेप्शन म्हणजे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरणे, सदऱ्याची बाही आत दुमडली जावी तसा. बहुधा लहान आतड्याचे टोक मोठ्या आतड्यात सरकते. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा दाबला जातो, आणि वेळेत सोडवला नाही तर तो भाग सडतो. लसीचा काही संबंध नसतानाही हा आजार बाळांना होतो, आणि त्याचे ठरावीक वय असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो क्वचित दिसतो, मग वाढत जातो आणि साधारण चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान सर्वाधिक असतो.

रोटाशील्डमुळे साधारण दहा हजार बाळांमागे एकाला हा त्रास झाला, असा अंदाज पुढे निघाला. धोका मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या तीन ते चौदा दिवसांत होता. २००५ मध्ये झालेल्या फेरतपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. पहिला डोस ९० दिवसांच्या वयानंतर मिळालेली बाळे एकूण बाळांमध्ये ३८ टक्केच होती, पण पहिल्या डोसनंतरच्या इंटससेप्शनच्या घटनांपैकी ८० टक्के त्यांच्यात घडल्या होत्या. लस नवी असल्यामुळे मोठ्या वयाच्या पुष्कळ बाळांना मागाहून डोस देण्यात आले होते, आणि बहुतांश घटना तिथेच घडल्या.

यामागचा तर्क सोपा आहे. लसीने एखादा धोका काही पट वाढत असेल, तर मूळ धोका जिथे नगण्य आहे तिथे तो वाढूनही नगण्यच राहतो. सहा आठवड्यांच्या बाळात मूळ धोका तसा असतो, सहा महिन्यांच्या बाळात नसतो.

पुढच्या लसी आणणाऱ्यांनी हा धडा गिरवला. रोटारिक्स आणि रोटाटेक या दोन लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या. इतकी मोठी संख्या घेण्याचे कारणच हे होते की दहा हजारांत एक घडणारी गोष्टही नजरेतून सुटू नये. चाचणीत बाळांचे वय पहिल्या डोसला साधारण सहा ते तेरा आठवड्यांच्या आत ठेवले होते. २००६ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा वाढीव धोका आढळला नव्हता. पुढे लाखो बाळांवरच्या अनुभवातून थोडा धोका दिसला. अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या अंदाजाने तो वीस हजार ते एक लाख बाळांमागे एक इतका आहे.

अमेरिकेने आधी पहिल्या डोसला १२ आठवड्यांची मर्यादा घातली होती. दवाखान्यात यायला थोडा उशीर झालेली बाळे तिच्यामुळे उगाच वगळली जात होती. २००९ मध्ये ती १४ आठवडे ६ दिवसांवर नेली आणि शेवटच्या डोससाठी ८ महिने पुरे होण्याचा दिवस ठरला. पंधराव्या आठवड्याला बाळाच्या पोटात काही एकदम बदलते असे नाही. ज्या वयापर्यंतची खात्रीलायक माहिती हाती होती, तिथे थोडी सवड ठेवून रेघ मारली गेली इतकेच.

हिशेब उलटला तो इथे

जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये सगळ्या देशांना ही लस सुचवताना पहिला डोस १५ आठवड्यांच्या आत आणि शेवटचा ३२ आठवड्यांच्या आत अशीच अट घातली होती. अडचण अशी की जिथे मुले जुलाबाने सर्वाधिक मरतात, तिथेच लसीकरणाला सर्वाधिक उशीर होतो. दीड महिन्याचा डोस चौथ्या महिन्यात आणि साडेतीन महिन्यांचा आठव्या महिन्यात, हे तिथे नेहमीचेच. वयाची अट काटेकोर पाळली तर नेमकी तीच मुले परत पाठवावी लागतात.

२०१२ मध्ये मनीष पटेल आणि सहकाऱ्यांनी गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी दोन्ही बाजूंची बेरीज-वजाबाकी मांडली. अट पाळून लस दिली तर रोटाव्हायरसचे सुमारे १,५५,८०० मृत्यू टळतील आणि इंटससेप्शनने २५३ होतील. अट काढली तर टळणारे मृत्यू २,०३,००० आणि होणारे ५४७. म्हणजे अट काढल्याने २९४ जादा मृत्यूंची जोखीम येते, पण ४७,२०० जादा मुले वाचतात. एका जिवाच्या जोखमीपुढे दीडशेहून अधिक जीव.

हा आकडा वाचताना अवघडल्यासारखे होते, आणि ते साहजिकच आहे. लस न दिल्यामुळे गेलेल्या मुलाचा दोष कोणी कोणाला देत नाही, लसीनंतर दगावलेल्या मुलाचा मात्र देतात. पण आरोग्य धोरण ठरवताना दोन्ही मुले सारखीच मोजावी लागतात. २०१३ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. पहिला डोस सहा आठवड्यांनंतर शक्य तितक्या लवकर द्यावा, पण उशीर झाला म्हणून नाकारू नये. दोन वर्षांनंतर देऊ नये असे सांगितले, कारण तोवर बहुतेक मुलांना संसर्ग होऊन गेलेला असतो आणि लसीचा फारसा उपयोग उरत नाही.

अमेरिका आणि ब्रिटन यांनी आपली रेघ हलवली नाही, तेही त्यांच्या परीने योग्यच. तिथे रोटाव्हायरसने मूल दगावणे विरळा आणि लसीकरण वेळेवर होणारे, तेव्हा उशिरा आलेल्या मोजक्या बाळांसाठी जोखीम घेण्याचे त्यांना कारण नाही.

आपल्याकडे एक वर्ष का?

भारतीय लसीची सुरुवात दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात झाली. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना नवजात बाळांमध्ये रोटाव्हायरसचा असा एक वाण सापडला, की त्याची लागण होऊनही बाळे आजारी पडत नव्हती आणि पुढे त्यांना या विषाणूचा त्रासही कमी होत होता. ११६ई नावाच्या या वाणापासून भारत बायोटेकने रोटाव्हॅक बनवली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात, केईएम रुग्णालय संशोधन केंद्रामार्फत, ६,७९९ बाळांवर झाली. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण मिळाले. श्रीमंत देशांत अशा लसी याहून बऱ्याच अधिक परिणामकारक ठरतात, पण आपल्याकडच्या मृत्यूंच्या संख्येपुढे निम्मे संरक्षणही फार मोलाचे आहे. २६ मार्च २०१६ रोजी ही लस आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांत सरकारी कार्यक्रमात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल नंतर तिच्या जोडीला आली. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सगळ्या देशात रोटाव्हायरसची लस मोफत मिळू लागली.

सरकारी नियम असा: पहिला डोस एक वर्षाच्या आत केव्हाही, आणि तो वेळेत झाला असेल तर उरलेले दोन डोस किमान चार-चार आठवड्यांच्या अंतराने पुरे करायचे. भारतातल्या २७ रुग्णालयांच्या माहितीवरून झालेला अभ्यास २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यात रोटाव्हॅकनंतर इंटससेप्शनचा धोका वाढल्याचे आढळले नाही.

एक वर्षाची मुभा कोणासाठी, हे महाराष्ट्रात शोधायला लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीला निघालेले जोडपे हंगाम संपल्यावर परतते. निघताना पंधरा दिवसांचे असलेले बाळ परत येते तेव्हा पाच-सहा महिन्यांचे झालेले असते. फडाजवळच्या कोपीपर्यंत आशाताई पोचली नाही, तर पंधराव्या आठवड्याची रेघ फडातच ओलांडली जाते. उन्हात, टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या आणि दवाखान्यापासून लांब असलेल्या या बाळाला लसीची गरज सर्वांत अधिक. शहरात वेळच्या वेळी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या बाळासाठी १५ आठवड्यांची मर्यादा पाळणे सोपेही आहे आणि शहाणपणाचेही. दोन नियम एकाच राज्यात का नांदतात, ते यावरून कळावे.

घरच्यांनी काय पाहावे

वय आठवड्यांत मोजावे, महिन्यांच्या अंदाजाने नव्हे. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस आणि १४ आठवडे ६ दिवस म्हणजे १०४ दिवस. १ जानेवारीला जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस १२ फेब्रुवारीपासून देता येतो, आणि लीप वर्ष नसेल तर १५ एप्रिल हा १५ आठवड्यांच्या आतला शेवटचा दिवस. तिसरा डोस ९८ व्या दिवशी ठरलेला असतो, म्हणजे तिसऱ्याची वेळ आणि पहिल्याची मुदत यांत अवघ्या सहा दिवसांचे अंतर आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असले तरी वय जन्मतारखेपासूनच मोजतात. वजन भरण्याची वाट पाहत मुदत घालवू नये, बाळाची तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून लस द्यावी.

लसीच्या आधी किंवा नंतर अंगावरचे दूध तोडायची गरज नाही. दूध थांबवल्याने लस अधिक लागू पडते का, हे दिल्लीत तपासले गेले आणि फरक दिसला नाही. किरकोळ सर्दी किंवा थोडेसे पातळ शौच हेही लस टाळण्याचे कारण नाही. जोराचे जुलाब-उलट्या असतील तर बरे वाटेपर्यंत थांबतात. ज्या बाळाला आधी इंटससेप्शन झाले आहे, ज्याला प्रतिकारशक्तीचा तीव्र जन्मजात दोष आहे किंवा ज्याला आधीच्या डोसची तीव्र अॅलर्जी आली होती, त्याला ही लस देत नाहीत. लसीतला विषाणू काही दिवस बाळाच्या शौचातून बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत.

डोसनंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, लक्ष ठेवण्याची खूण अशी: बाळ थांबून थांबून कळ आल्यासारखे किंचाळते, पाय पोटाशी घेते, मध्ये मलूल पडते, वारंवार उलट्या करते, शौचातून रक्त किंवा लालसर शेंबूड जातो. अशा वेळी घरी पोट चोळत न बसता रुग्णालय गाठावे. लवकर निदान झाले तर बहुतेकदा गुदमार्गाने हवा किंवा द्रव सोडून आतडे पूर्ववत करता येते आणि शस्त्रक्रिया टळते. लसीमुळे सगळे जुलाब थांबत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. इतर जंतूंमुळे ते होतच राहतील, आणि तेव्हा जलसंजीवनी व झिंकच्या गोळ्या यांना पर्याय नाही.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी एक काळजी घ्यावी. ब्रिटनमध्ये पहिला डोस १५ आठवड्यांच्या आत आणि दुसरा २४ आठवड्यांच्या आत झाला पाहिजे, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतही पहिल्या डोसची मर्यादा १५ आठवड्यांचीच आहे. बाळंतपणासाठी इथे आलेली आई चार महिन्यांचे बाळ घेऊन लस न देताच परतली, तर तिथे ती मिळत नाही. निघण्यापूर्वी डोस द्यावा आणि कार्डावर लसीचे नाव व तारीख स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे पुढचा डोस केव्हा व कोणता, हे तिथल्या डॉक्टरांना ठरवता येते.

आपल्याकडे उशीर होण्याची कारणे बहुधा साधी असतात. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि कार्ड सासरच्या गावच्या केंद्राचे असते. ‘परत गेल्यावर तिकडेच देऊ’ म्हणता म्हणता तीन महिने उलटतात. वास्तविक सरकारी लसीकरण बाळ ज्या गावी असेल तिथे मिळते, पत्ता कुठलाही असो. कार्ड आईबरोबर प्रवासात असावे आणि दीड महिन्याच्या दिवशी जवळच्या केंद्रात किंवा अंगणवाडीतल्या लसीकरण सत्रात बाळाला न्यावे. पहिला डोस त्या दिवशी झाला आणि पुढचे दोन वेळेवर झाले, तर १५ आठवडे, ३२ आठवडे, एक वर्ष हे आकडे आईबापांना लक्षात ठेवण्याचे कारणच उरत नाही.